जावईबापूंची पाठदुखी

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बेकरीत असतो. भट्टीवर."

"भट्टीवर म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे भट्टीसमोर उभं राहायचं. पाव आत सारायचे, भाजले की बाहेर ओढायचे. पहाटेपासून दुपारपर्यंत तेच."

"आणि या भट्टीचं तोंड किती उंचीवर आहे?"

जावईबापूंनी हात आडवा धरून दाखवलं. हात कमरेच्या किंचित खाली होता. डॉक्टरांनी त्या हाताकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुन्हा एकदा पाहिलं.

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून. सात होतील."

"सात वर्षं तुम्ही तिथं शेक घेताय?"

"शेक कसला हो, पाव भाजतोय."

"पाव एकटेच भाजत नव्हते," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी कागदावर एक चित्र काढलं. ते चित्र काय आहे हे ओळखल्यावर जावईबापू खिडकीबाहेर बघू लागले. डॉक्टर मात्र हवामान सांगावं इतक्या सहज सांगत होते. "याला व्हेरिकोसील म्हणतात. पायाच्या शिरा फुगतात ना, तशाच या, फक्त गैरसोयीच्या जागी. रक्त तुंबतं, तिथली ऊब वाढते, आणि शुक्राणू तयार व्हायचं काम मंदावतं. आतून ही ऊब, बाहेरून तुमची भट्टी. बिचाऱ्यांनी करायचं काय?"

"उपाय?" बायकोनं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांसमोरच्या पेशंटच्या खुर्चीत ती नव्हती, शेजारच्या खुर्चीत होती. त्यामुळे तिचा चेहरा जरा खुललाच होता.

"छोटं ऑपरेशन. जांघेजवळ लहानशी चीर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकातून बघत फुगलेल्या शिरा बांधून टाकायच्या. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. दहातल्या सहा-सात जणांचा रिपोर्ट सुधारतो. मूल होईलच, असा शब्द मात्र मी कुणालाच देत नाही. सुधारणा दिसायला तीनेक महिने लागतात. सुरुवातीला बर्फ लावायचा, घट्ट चड्डी घालायची, वजन उचलायचं नाही. आणि तीन महिने भट्टी बंद."

"भट्टी बंद?" जावईबापू किंचाळले.

"तुमच्यापुरती हो."

शिरा बांधणं एक वेळ सोपं होतं. जावईबापूंना त्या भट्टीपासून सोडवणं महाकठीण.

त्यांना स्वतःचं नाव होतं, नाही असं नाही, पण सासऱ्यांच्या बेकरीत पाऊल ठेवल्या दिवसापासून अख्ख्या गल्लीनं त्यांना जावईबापू करून टाकलं होतं. पोस्टमनसुद्धा तेच म्हणायचा. बेकरी सासऱ्यांची, आणि भट्टी सासऱ्यांच्या आजोबांच्या हातची. विटांची, घुमटाची, म्हाताऱ्या हत्तीसारखी अर्धी खोली अडवून बसलेली. तिच्यासमोर घरच्याच माणसानं उभं राहायचं आणि तेही पुरुषानं, हा तिथला नियम. "ही भट्टी माझ्या हयातीत एकदाच थंड पडली," असं सासरे दिसेल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. "घुमट खचला होता. सहा महिने गवंडी मिळेना, विटा मिळेनात. असं वाईट वर्ष वैऱ्यालाही येऊ नये! नंतर ही पोरगी झाली म्हणून जरा सावरलो." ही कथा इतकी जुनी झाली होती की ती सुरू झाली की गिऱ्हाईक पाव दाबून बघायला लागायचं.

घरात मूल नाही म्हटल्यावर दोष कुणाचा, हे सासूबाईंनी कुणाला न विचारताच ठरवून टाकलं होतं. दोष त्यांच्या स्वतःच्या लेकीचा. "मलाही बारा वर्षं लागली, बाई. आपल्याच अंगात काहीतरी कमी असतं. प्यायचं निमूट," असं म्हणत त्या रोज सकाळी तिच्यासमोर काढ्याचा पेला ठेवायच्या. काढा इतका कडू की नुसत्या वासानं जीभ आखडावी. लेक संधी मिळेल तेव्हा तो खिडकीतल्या कुंडीत ओतायची, आणि कुंडीतलं तिसरं झाड आता माना टाकत होतं. आई समोर उभी असली की मात्र घोट घोट गिळण्यावाचून इलाज नसायचा. जावईबापू रोज हे बघायचे आणि रोज त्यांचा जीव तुटायचा.

"ऑपरेशन होऊ दे," दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते म्हणाले, "तुझा काढा बंद. हा माझा शब्द."

"मग आजच घरी जाऊन खरं काय ते सांगून टाका."

"वेडी आहेस का? आईंना सांगितलं की समोरच्या सलूनवाल्याला कळणार, आणि त्याच्या खुर्चीत रोज निम्मी गल्ली बसते. आपल्याकडे सकाळची बातमी दुपारी शिळी होते. रिपोर्ट चांगला आला की मी स्वतः सांगेन. तोवर अळीमिळी."

"आणि तीन महिने भट्टीवर का नाही, तर काय सांगणार?"

"पाठ दुखते म्हणेन."

तसं बघितलं तर कारण बिनतोड होतं. बेकरीवाल्याला पाठदुखीबद्दल केवढा आदर! पिठाची पोती उचलून कधी ना कधी प्रत्येकाला उसण भरलेली असते. फक्त जावईबापू एक गोष्ट साफ विसरले. बेकरीवाल्यांच्या घरी पाठदुखीवर एकच औषध असतं, आणि ते म्हणजे शेक.

ऑपरेशन झालं, कसलीही गडबड न होता. संध्याकाळी जावईबापू पाय फाकवून, दर पावलाला देवाचं नाव घेत घरात शिरले, आणि सासूबाईंनी दारातच कपाळावर हात मारला.

"अगं बाई! एवढी कशी हो भरली?"

"पीठ आणायला गेलो होतो ना, पोतं उचलताना, आई. अचानक कळ आली."

"आडवे व्हा आधी. मी मीठ तापवते."

"मीठ कशाला?"

"शेकायला. दुसरं कशाला?"

पुढची रात्र जावईबापू जन्मात विसरणार नव्हते. पाठीखाली तापलेल्या मिठाची पुरचुंडी, आणि वर पांघरुणाआड बायकोनं गुपचूप आणून दिलेली, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी. खाली उन्हाळा, वर हिवाळा, आणि मधे बिचारा माणूस. सासूबाई दर थोड्या वेळानं गरम पुरचुंडी घेऊन हजर व्हायच्या. त्या आल्या की बर्फाची पिशवी मांडीखाली सारायची आणि चेहऱ्यावर पाठदुखी आणायची. शेवटी सरकवासरकवीत पिशवीचं तोंड सुटलं.

सकाळी सासूबाईंनी चादर ओढली आणि त्या जागीच थिजल्या. गादीच्या ऐन मधोमध भलंमोठं ओलं वर्तुळ होतं.

"असू दे, असू दे," त्या एकदम मवाळ आवाजात म्हणाल्या. "आजारपणात होतं असं. लाजू नका हं."

"आई, ते पाणी आहे."

"हो हो, पाणीच आहे," त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावून बाहेर गेल्या. "अहो, ऐकलंत का? मणका सरकलाय वाटतं पोराचा! ताबाच राहिला नाही हो!"

बायको उशीत तोंड खुपसून हसत होती. तिचे खांदे नुसते गदगदत होते.

"हसतेस काय? आता मला कुठं तोंड दाखवायला जागा आहे?"

"खरं सांगितलं असतंत तर निदान एवढं तरी वाचलं असतं."

दुपारी समोरचा सलूनवाला समाचाराला आला. माणूस मनानं निर्मळ, पण तोंडाला कुलूप नाही. खांद्यावर टॉवेल तसाच होता, म्हणजे कुणाला तरी अर्ध्या दाढीत सोडून आला होता.

"जावईबापू, अजिबात मनाला लावून घेऊ नका," तो दबक्या आवाजात म्हणाला. "माझ्या एका गिऱ्हाइकाच्या काकांना हेच झालं होतं. रबरी चादर मिळते. आणून देऊ का?"

जावईबापूंनी भिंतीकडे तोंड केलं.

तिकडे भट्टीवर सासरे उभे राहिले होते. पाव सारायचं लांब दांड्याचं फळं कित्येक वर्षांनी हातात घेतलेलं, आणि नजर आता पूर्वीची नाही. पहिल्या दिवशी पाव एका बाजूनं काळे झाले, दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी. गिऱ्हाइकं आधी हसली, मग कुरकुरली, मग मोठ्या रस्त्यावरच्या नव्या बेकरीकडे वळायला लागली. आठवडा गेला, दुसरा गेला. जावईबापू आता गल्ल्यावर बसून हसतमुखानं पाव विकत होते, चालणंही सरळ झालं होतं, पण भट्टीचं नाव काढलं की लगेच कमरेवर हात जायचा.

"यावर एकच उपाय," एका दुपारी सासरे म्हणाले. "आमच्या आजोबांचा. भट्टीच्या तोंडाशी स्टूल ठेवायचं, त्यावर बसायचं आणि पाठीत ऊब जिरू द्यायची. तीन दिवसांत माणूस उड्या मारतो."

"नको बाबा, आता बरंच बरं आहे."

"बरं आहे तर भट्टीवर या. नाहीतर स्टुलावर बसा."

जावईबापूंनी स्टूल पत्करलं. पाठ भट्टीकडे आहे, डॉक्टरांनी धोका सांगितलेली बाजू सुरक्षित आहे, असा त्यांनी हिशेब केला. पण ते लोखंडी स्टूल सकाळपासून भट्टीलगत तापत पडलं होतं, हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. जावईबापू त्यावर टेकले आणि क्षणात असे उडाले की पिठाची परात ओलांडून थेट दारात जाऊन उभे राहिले. पाठीला कमान नाही, चेहऱ्यावर कळ नाही, दोन्ही हात मात्र मागे.

सासऱ्यांनी परातीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"तीन दिवस नाही लागले," ते सावकाश म्हणाले.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. रात्री त्यांनी जावईबापूंना समोर बसवलं. सलूनवाल्यानं त्यांच्या कानात आधीच घातलं होतं की मोठ्या रस्त्यावरची ती नवी बेकरी चांगला भट्टीवाला शोधतेय.

"एकच विचारतो," सासरे म्हणाले. "मला सोडून त्यांच्याकडे जायचंय का? जायचं तर सरळ जा. पाठीचं सोंग नको. मी तुम्हाला जावई कधी मानलंच नव्हतं हो, मुलगाच मानत होतो."

जावईबापूंना भडभडून आलं. सगळं खरं ओठांवर आलं होतं. पण समोर सासरे, दारात सासूबाई, आणि सांगायचं काय, तर 'तुमच्या आजोबांनी भट्टीचं तोंड चुकीच्या उंचीवर बांधलंय'?

"मी कुठंही जात नाही, बाबा. पण तीन महिने भट्टीवर नाही उभा राहणार. का ते विचारू नका."

"मग कोण उभं राहणार? मी? लोक माझे पाव कोळसा म्हणून नेतील!"

"मी राहते," बायको म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"लहानपणापासून बघतेय मी, बाबा. तुम्ही मला फळं हातात घेऊ दिलं नाहीत, तेवढंच. बघा तर खरं एकदा."

सासरे नाही म्हणणारच होते, पण समोरच्या टोपलीत त्या दिवशीचे पाव दिसत होते.

दुसऱ्या सकाळी पाव असे उतरले की सासरे बराच वेळ एकच पाव उलटसुलट करत राहिले. कड खुसखुशीत, पोट मऊ, रंग एकसारखा. आठवड्याभरात गिऱ्हाइकं परत आली. लेक भट्टीवर, जावई गल्ल्यावर, आणि सासरे मधल्या मधे, ज्याला त्याला "पोरीचा हात बघा" म्हणून सांगत. जावईबापूंकडे बघताना मात्र त्यांच्या नजरेत अजून एक प्रश्न असायचा. आणि काढा चालूच होता. शब्द दिला होता खरा, पण तो पाळायचा तर तोंड उघडावं लागणार होतं.

तीन महिने सरत आले. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद वाचला आणि मान डोलावली.

"छान सुधारणा आहे. एवढीची अपेक्षा मीही धरली नव्हती. आता घाई करू नका, पुढचे काही महिने निवांत प्रयत्न करा."

बायको हसायला लागली. "डॉक्टर, तुमचा सल्ला जरा उशिरा पोचला."

"म्हणजे?"

"म्हणजे चार दिवस झाले, मला पावाच्या वासानं मळमळतंय. सकाळी घरीच तपासून बघितलं."

जावईबापू खुर्चीतून उठले, बसले, परत उठले. त्यांना आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा दोन्ही एकदमच चाललं होतं.

घरी दिवाणखान्यात जो आनंदकल्लोळ झाला तो काय वर्णावा! सासऱ्यांनी त्या दिवशी येईल त्याला फुकट केक वाटला. आणि सासूबाई? त्या तर जमिनीपासून वीतभर वर चालत होत्या.

"शेक!" त्या प्रत्येकाला सांगत होत्या. "सगळी शेकाची किमया. पाठ शेकली, आतल्या नसा मोकळ्या झाल्या आणि मागोमाग गोड बातमी. काढ्यानं पोरीचं अंग धरलं, शेकानं जावयाचं. मी आधीच म्हणाले होते!"

"आता तरी सांगा," बायको कुजबुजली.

"कशाला? सगळं छान झालंय ना? होऊ दे की त्यांचं समाधान."

आणि ही गोष्ट इथंच संपली असती, जावईबापूंची अब्रूही तेवढी शाबूत राहिली असती. पण दोनच दिवसांनी, दुकानात ऐन गर्दीच्या वेळी, सलूनवाला आला. आज त्याच्या खांद्यावर टॉवेल नव्हता आणि आवाजही नेहमीचा नव्हता.

"काकू, जरा बाजूला येता का?" तो म्हणाला. "तुम्हाला माहीतच आहे, आमच्या लग्नालाही चार वर्षं झाली. ती रोज रडते हो. तुमचा तो शेक..."

"एवढंच ना! थांब," सासूबाई आत गेल्या आणि मिठाची वाफाळती पुरचुंडी घेऊन आल्या. त्यांना बाजूला जाऊन बोलायची सवयच नव्हती. "ही घे. रोज सकाळ-संध्याकाळ पाठीला शेक द्यायचा. आणि लवकर गुण हवा असेल तर," त्यांनी आवाज किंचित खाली आणला, "पुढूनही."

सलूनवाल्यानं भक्तिभावानं दोन्ही हात पुढे केले.

जावईबापू गल्ल्यावर सुटे मोजत होते. त्यांनी ती पुरचुंडी पाहिली, ते दोन हात पाहिले, तो उतरलेला चेहरा पाहिला. सात वर्षं आपलाही तोच चेहरा होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नाणी हातातून सुटून घरंगळत गेली.

"शेकू नकोस!" ते ओरडले. "अरे बाबा, काहीही कर, पण पुढून शेकू नकोस!"

पुरचुंडी हातात घेतलेला सलूनवाला दोन पावलं मागे सरकला.

"माझी पाठ कधी दुखलीच नव्हती. तिथल्या शिरा फुगल्या होत्या माझ्या. ऑपरेशन करून बांधून घेतल्या, म्हणून झालं सगळं. ऊब हेच तर मूळ दुखणं! तुला हेच असेल असंही नाही, पण आधी डॉक्टरांकडे जा, स्वतःची तपासणी करून घे. बायकोला आधी पाठवू नकोस, तू जा."

रांगेतल्या एका आजीबाईंनी पावाची पिशवी छातीशी धरली.

"म्हणजे ती गादी?" सासूबाईंनी विचारलं.

"बर्फ होता, आई. वितळला."

"आणि माझा शेक?"

"पाठीला फार बरं वाटायचं," जावईबापू मान खाली घालून म्हणाले. "आणि आणखी एक. तिचा काढा आजपासून बंद. तिच्यात काही कमी नव्हतं. एक दिवससुद्धा नव्हतं. मी लाजत बसलो आणि ती पीत राहिली."

भट्टीच्या दाराशी बायको उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, घाम पुसल्यासारखं, पण ते घामासाठी नव्हतं.

"भट्टीवर उभे का राहत नव्हतात, ते यासाठी?" सासऱ्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, भट्टीचं तोंड नेमकं त्या उंचीवर आहे. रोजची ती धग म्हणजे आगीत तेल."

सासरे भट्टीपाशी गेले. तिच्या तोंडाच्या खालच्या विटेवर त्यांनी तळहात ठेवला, आणि हात तसाच सरळ आपल्या अंगाकडे आणला. हात जिथं टेकला तिथं ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलायला लागले, ते काहीतरी जुळवत होते.

"घुमट खचला," ते स्वतःशीच पुटपुटले. "भट्टी सहा महिने थंड. मी सहा महिने घरात. आणि त्यानंतरच..."

त्यांनी मान वर केली. दारातल्या लेकीकडे पाहिलं. मग, नको नको म्हणत असल्यासारखी, त्यांची नजर हळूहळू सासूबाईंकडे वळली.

सासूबाईंचाही हिशेब तेवढ्यातच पुरा झाला होता.

"बारा वर्षं," त्या म्हणाल्या.

"अगं, मला काय माहीत..."

"बारा वर्षं मी काढा प्यायले!"

सलूनवाल्यानं पुरचुंडी हळूच काउंटरवर ठेवली. सासूबाई ताड ताड आत निघून गेल्या. भांड्यांचा आवाज आला.

"उद्या गवंडी बोलवा, जावईबापू," सासरे घाईघाईनं म्हणाले. "भट्टीचं तोंड छातीपर्यंत वर घ्यायचं. लागू देत महिना."

"आणि पाव?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"पाव खा त्या मोठ्या रस्त्यावरचे!" सासरे गरजले. त्यांच्या तोंडून असं काही बाहेर पडेल, हे गल्लीत कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. हातात काठोकाठ भरलेला पेला होता. लेक दचकून एक पाऊल मागे सरकली, पण त्या तिच्या बाजूनं सरळ पुढे गेल्या आणि पेला सासऱ्यांसमोर ठेवला.

"मला कशाला?" सासऱ्यांनी क्षीण आवाजात विचारलं. "आता या वयात?"

"प्या निमूट," सासूबाई म्हणाल्या. "आजपासून रोज. बारा वर्षं."

सासऱ्यांनी आधाराला जावईबापूंकडे पाहिलं. जावईबापू वाकून जमिनीवरची नाणी वेचत होते. पाठ अगदी छान वाकत होती.